स्मृती म्हणजे कोठार नव्हे

मराठी समीक्षेची आत्मचरित्रविषयक परिभाषा चाळली की एक गोष्ट चटकन लक्षात येते. तिच्यात स्मृतीसाठी योजलेले जवळजवळ सगळे शब्द साठवणीच्या व्यवहारातले आहेत. आठवणींचे कोठार, आठवणींची शिदोरी, आठवणींचे गाठोडे, मनाच्या कुपीत जपलेले क्षण, स्मृतींचा खजिना. लेखक उतारवयात हे गाठोडे सोडतो, आतला ऐवज एकेक करून बाहेर काढतो आणि वाचकांपुढे मांडतो. मग समीक्षक पुढे सरसावतो आणि ऐवज अस्सल आहे की बनावट, पुरा आहे की त्यातले काही लंपास झाले आहे, याची मोजदाद करू लागतो. हे सारे एक रूपक आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे. रूपकाचा विसर पडला की त्याचे तत्त्वज्ञान होते, आणि त्या तत्त्वज्ञानावर प्रश्नपत्रिका निघतात. ‘आत्मचरित्रातील सत्य व कल्पित यांची चर्चा करा’ हा प्रश्न आम्ही मराठी शिकवणारी माणसे वर्षानुवर्षे विचारत आलो आहोत. या प्रश्नाच्या मुळाशी स्मृतीविषयीची जी समजूत आहे ती तपासण्याची गरज मात्र फारशी कोणाला वाटलेली नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे की ही समजूत चुकीची आहे. ती चुकीची असल्याचे मेंदूविज्ञानाने आणि मानसशास्त्राने पुरेशा पुराव्यानिशी दाखवले आहे. आणि तिच्यामुळे आपल्या समीक्षेत दोन परस्परविरोधी दिसणाऱ्या पण मुळात एकाच जातीच्या चुका घडत आहेत. पहिली चूक जुन्यांची. ते आत्मकथनाचा पंचनामा करतात. दुसरी चूक नव्यांची. स्मृती ‘विश्वसनीय नसते’ एवढे एक वाक्य कुठूनतरी उचलून ते सगळ्याच आत्मकथनाला कादंबरी ठरवून मोकळे होतात. या दोन्ही चुकांची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ज्यांच्यापाशी कागद नाहीत, दप्तर नाही, ज्यांच्या घरात रोजनिशी लिहिण्याची परंपरा नव्हती, ज्यांच्यापाशी आठवणीखेरीज दुसरा पुरावाच नाही, त्यांनाच ती अधिक लागते.

कोठाराची कल्पना एके काळी विज्ञानातही होती, हे आधी मान्य केले पाहिजे. माँट्रियल येथील वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यचिकित्सक अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना, रुग्ण जागा असतानाच, त्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत्स्पर्श देत. कानशिलालगतच्या भागाला असा स्पर्श झाला की काही रुग्णांना गाणे ऐकू येई, काहींना जुना प्रसंग डोळ्यांसमोर दिसे. यावरून मेंदूत साऱ्या आयुष्याची अखंड फीत जपलेली असते, असा निष्कर्ष पेनफिल्ड यांनी काढला. पुढे त्यांच्याच नोंदींची छाननी झाली. असे अनुभव अगदी थोड्या रुग्णांना आले होते आणि त्यांतले पुष्कळसे स्वप्नासारखे होते; ते खरोखर घडून गेलेले प्रसंग होते याला पुरावा नव्हता. फितीची कल्पना शास्त्रज्ञांनी सोडून दिली. आपण मात्र आजही ‘स्मृतिपटलावर चित्रफीत उलगडत गेली’ असे बिनदिक्कत लिहितो.

स्मृतीच्या आधुनिक अभ्यासाला खरे वळण मिळाले ते एका दुर्दैवी माणसामुळे. हेन्री मोलायझन या अमेरिकन तरुणाला तीव्र अपस्माराचा त्रास होता. १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला. हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा बराचसा अंश त्यात गेला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून या माणसाला नवे काही आठवेनासे झाले. भेटून गेलेली व्यक्ती काही मिनिटांत पुन्हा अनोळखी होई. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९५७ साली स्कोव्हिल यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधाने या क्षेत्राचा पायाच बदलला. २००८ साली तो वारला तोवर शास्त्रीय वाङ्मयात तो केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जात होता.

या एका रुग्णापासून जे कळले ते साहित्याच्या अभ्यासकाने नीट समजून घ्यावे असे आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आयुष्याची माहिती त्याच्यापाशी बरीच शिल्लक होती. म्हणजे आठवण जिथे घडते तिथेच ती कायमची राहत नाही. आरशात पाहून आकृती गिरवण्याचे कसब तो दिवसागणिक सुधारत गेला, पण आपण हे पूर्वी केले आहे हे त्याला दर वेळी नव्याने सांगावे लागे. म्हणजे हाताची स्मृती आणि प्रसंगाची स्मृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट उशिरा, अधिक बारकाईने विचारपूस झाल्यावर ध्यानात आली. बालपणाविषयी त्याला पुष्कळ माहीत होते, पण स्थळ, काळ, रंग, संवाद यांसह सांगता येतील असे प्रसंग अगदी मोजके होते. सार राहिले होते, देखावे गेले होते. ‘मला माहीत आहे’ आणि ‘मला आठवते’ या दोन क्रियापदांमधले अंतर मेंदूच्या रचनेतच आहे, ते निव्वळ शैलीचे नाही.

मग दीर्घकालीन आठवण राहते तरी कुठे? एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगायीवर केलेल्या संशोधनातून याचे एक उत्तर मिळाले. त्या कामासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अल्पकाळ टिकणारी आठवण म्हणजे चेतापेशींमधल्या असलेल्याच जोडण्यांत झालेला तात्पुरता बदल. दीर्घकाळ टिकायचे तर पेशीतली जनुके जागी व्हावी लागतात, नवी प्रथिने घडावी लागतात, नव्या जोडण्या उगवाव्या लागतात. आठवण ही मेंदूत ठेवलेली वस्तू नव्हे. ती मेंदूच्या विणीत झालेला बदल आहे. एकच पेशी अनेक आठवणींत भाग घेते, एकच आठवण अनेक भागांत पसरलेली असते. एखाद्या प्रसंगाचा वास एकीकडे, आवाज दुसरीकडे, भीती तिसरीकडे. प्रारंभी हे सारे एकत्र बांधून ठेवण्याचे काम हिप्पोकॅम्पस करतो. पुढे, दिवसांमागून वर्षे जाताना आणि विशेषतः झोपेत, बाह्यपटलातल्या जोडण्या आपापसांत पक्क्या होत जातात आणि त्याचे साह्य कमी लागते. आठवताना हे विखुरलेले धागे पुन्हा जुळवावे लागतात. जुळवणी दर वेळी नवी असते. तिच्यात आजचे ज्ञान, आजची मनःस्थिती, आज समोर बसलेला श्रोता, हे सारे मिसळते.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे १९३२ सालीच, मेंदूला हात न लावता, दाखवून दिले होते. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. कथेतल्या डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, न कळलेली भुते गळून पडली. प्रत्येकाने आपल्या संस्कृतीच्या साच्यात बसेल अशी कथा ‘आठवली’. लोकवाङ्मयाच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

धक्का बसावा अशी गोष्ट पुढची आहे. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लदू यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. विशिष्ट ध्वनीनंतर विजेचा झटका बसतो, हे उंदीर शिकले होते. ती आठवण पक्की झालेली होती. त्यांना तो ध्वनी पुन्हा ऐकवून लगेच मेंदूतल्या भयाच्या केंद्रात प्रथिनांची घडण थांबवणारे औषध टोचले, तेव्हा भीतीची आठवणच मोडली. ध्वनी न ऐकवता तेच औषध दिले तर आठवणीला काही झाले नाही. म्हणजे पक्की झालेली आठवणही जागवली की काही काळ मऊ होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. प्रत्येक आठवण प्रत्येक वेळी अशीच वागते असे नाही. फार जुन्या, फार खोल आठवणी सहसा दाद देत नाहीत. पण तत्त्व सिद्ध झाले. आठवणे ही नुसती वाचनाची क्रिया नव्हे, ती लेखनाचीही क्रिया असू शकते.

आता पहिल्या मंडळींकडे वळू. यांची पद्धत परिचित आहे. दलित वा भटक्या समाजातल्या लेखकाचे आत्मकथन हाती आले की ते विचारतात, हे कधी घडले? कोणत्या साली? संबंधित माणूस नेमके काय म्हणाला? लेखक त्या वेळी सात वर्षांचा होता, तर त्याला हे संवाद कसे आठवले? तारीख सांगता आली नाही, दोन प्रसंगांचा मेळ बसला नाही, की ‘अतिरंजित’, ‘भडक’, ‘प्रचारकी’ हे शिक्के तयारच असतात. ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘उपरा’ १९८०मध्ये, ‘जिणं आमुचं’ १९८६मध्ये, ‘उचल्या’ १९८७मध्ये; या प्रवाहाला सुरुवातीपासून या आक्षेपाचा सामना करावा लागला आहे, आणि चर्चासत्रांतून तो सौम्य शब्दांत आजही ऐकू येतो.

या मंडळींनी जॉन डीन यांची गोष्ट वाचावी. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे हे विधी सल्लागार जून १९७३मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. त्यांनी वाचलेले निवेदन २४५ पानांचे होते आणि त्यात महिनोन्‌महिन्यांपूर्वीची संभाषणे अशा तपशिलाने दिली होती की वृत्तपत्रांनी त्यांना मानवी ध्वनिमुद्रणयंत्रच ठरवले. मग, पुढच्याच महिन्यात, अध्यक्षांच्या कचेरीत खरेखुरे ध्वनिमुद्रण होत होते हे उघड झाले. अल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने डीन यांची साक्ष आणि त्या फितींची लिखिते शेजारीशेजारी ठेवून तपासली आणि १९८१ साली आपले निष्कर्ष मांडले. १५ सप्टेंबर १९७२च्या भेटीविषयी डीन यांनी जे सांगितले त्यातले संवाद जवळजवळ सगळेच चुकलेले होते. ज्याने जे म्हटल्याचे त्यांनी सांगितले ते त्याने त्या वेळी म्हटलेच नव्हते. तरीही डीन यांची साक्ष मूलतः खरी होती. गुन्हा दडपण्याचा कट होता, अध्यक्षांना तो माहीत होता, कोण कोणत्या बाजूला होते, हे सारे फितींनी खरे ठरवले. ऑगस्ट १९७४मध्ये निक्सन यांना पायउतार व्हावे लागले.

नायसर यांनी यावरून जो विचार मांडला तो आत्मकथनाच्या अभ्यासाला फार उपयोगी आहे. पुनःपुन्हा घडलेल्या प्रसंगांची आठवण एकेका प्रसंगाची म्हणून उरत नाही. अनेक प्रसंगांचे मिळून एक रूप तयार होते आणि ते एका दिवसाच्या, एका संवादाच्या वेषात सांगितले जाते. तो दिवस त्या रूपात घडलेला नसतो. पण त्या दिवसाने ज्या परिस्थितीची साक्ष दिलेली असते ती परिस्थिती खरी असते.

हा विचार मराठीच्या व्याकरणाला आधीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे. ‘गेलो’ वेगळे आणि ‘जात असे’, ‘जायचो’ वेगळे. दलित आणि स्त्रियांची आत्मकथने लक्ष देऊन वाचावीत. जिथे रोजची भूक, रोजचे शिवाशिवीचे नियम, रोजचा मार यांचे वर्णन येते तिथे क्रियापदे बहुधा रीतिभूतकाळात जातात. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाच्या नावातच ‘आमुचं’ आहे आणि निवेदनातही ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ वावरतो. जे शंभरदा घडले त्याची तारीख कशी असेल? दर वर्षी विहिरीवरून हाकलल्या गेलेल्या माणसाला कोणत्या साली हाकलले असे विचारणे हा काही काटेकोरपणा नव्हे. तारीख नसणे हा इथे पुराव्यातला दोष नाही, तोच पुरावा आहे. एकदाच घडले असते तर कदाचित वारही आठवला असता.

अपमान आणि भय यांच्या आठवणींचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. तीव्र भावनेच्या क्षणी मेंदूतले भयाचे केंद्र आठवण पक्की करायला हातभार लावते. पण ही पकड सगळ्या देखाव्यावर सारखी नसते. मध्यवर्ती गोष्ट ठसते, कडेचे तपशील निसटतात. उगारलेली काठी आठवते, काठी उगारणाऱ्याचा सदरा आठवत नाही. समीक्षक सदऱ्याचा रंग विचारतो आणि उत्तर मिळाले नाही म्हणून काठीवर संशय घेतो.

यातला दुटप्पीपणा दाखवण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र, याविषयी दुमत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ते उतारवयात लिहिले. ते १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. रेव्हरंड टिळकांच्या १८९५ सालच्या धर्मांतराच्या आसपासचे आणि त्याहीपूर्वीचे प्रसंग त्यात संवादांसह येतात. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची बोलणी. ती शब्दशः तशीच झाली असतील असे स्मृतीचा कोणताही अभ्यासक म्हणणार नाही. पण आपण त्या संवादांचे कौतुक करतो, त्यांना जिवंत म्हणतो, आणि ते योग्यच करतो. कारण त्या संवादांत एक नाते, एक घर, एक स्वभाव खरेपणाने उभा राहतो. मग हीच मोकळीक ‘बलुतं’च्या दगडूला का नाही? लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जी ‘कला’ ती इतरांच्या बाबतीत ‘अतिरंजन’ कशी होते? निकष स्मृतीचा असता तर तो दोन्हीकडे लागला असता. तो लागत नाही, यावरून निकष दुसराच काहीतरी आहे हे उघड होते. आणि ‘बलुतं’ची रचना पाहा. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकच माणूस सांगणारा आणि ऐकणारा असा दुभंगलेला आहे. आठवण ही श्रोत्यासमोर घडते, हे भान त्या पुस्तकाच्या बांधणीतच आहे. त्याच्या समीक्षकांपाशी मात्र ते क्वचित दिसते.

दुसऱ्या मंडळींचा समाचार घेणे अधिक अवघड आहे, कारण ते विज्ञानाचा हवाला देतात. त्यांचा युक्तिवाद असा: स्मृती पुनर्रचित असते, पुनर्रचना म्हणजे कल्पना, सबब आत्मचरित्र आणि कादंबरी यांत भेद नाही. वरवर पाहता हा मुक्त, आधुनिक विचार वाटतो. प्रत्यक्षात ती त्याच कोठाराच्या कल्पनेची दुसरी बाजू आहे. कोठारात वस्तू जशीच्या तशी नाही ना, मग कोठार रिकामेच आहे, असा हा हिशेब. जशीच्या तशी आणि मुळीच नाही यांच्यामध्येच सगळी मानवी स्मृती वसते, हे त्यात सुटून जाते.

विज्ञानाचेच पुरावे घेऊ. एलिझाबेथ लोफ्टस यांचे नाव या चर्चेत हटकून येते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात चोवीस जणांना, लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होता, अशी न घडलेली हकीकत घरच्यांच्या हवाल्याने सांगितली गेली. सुमारे पाव जणांना ती पूर्णतः वा अंशतः ‘आठवली’. न घडलेले आठवू शकते, हे यातून निर्विवाद दिसले. पण उरलेल्या पाऊण जणांचे काय? त्यांनी, घरच्यांचा शब्द असूनही, ती हकीकत स्वीकारली नाही. आणि जी रुजली ती लहान मूल गर्दीत हरवण्याची, म्हणजे कोणाच्याही बालपणी घडू शकेल अशी गोष्ट होती. या प्रयोगाने स्मृतीचे दुबळेपण दाखवले तसे तिचे बळही दाखवले. आपल्याकडे त्यातले पहिलेच तेवढे उद्धृत होते.

दुसरा पुरावा नायसर आणि निकोल हार्श यांचा. जानेवारी १९८६मध्ये ‘चॅलेंजर’ यानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून, ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली, ते लिहून घेतले. अडीच वर्षांहून अधिक काळाने चव्वेचाळीस जणांना तेच पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरे पार बदललेली होती. अकरा जणांचा तर एकही मुख्य तपशील जुळला नाही, आणि तरी त्यांची खात्री दांडगी होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद पाहूनही आताचीच आठवण खरी वाटते असे म्हणणारे होते. हा प्रयोग नव्या मंडळींचा हुकमी एक्का आहे. पण त्यांनी एक साधा प्रश्न विचारावा: यांतल्या कोणाला यानाचा स्फोट झालाच नाही असे वाटले का? बातमी कुठे कळली हे चुकले. बातमी चुकली नाही. आत्मविश्वास हा अचूकपणाचा पुरावा नव्हे, एवढा धडा यातून जरूर घ्यावा. पण त्यावरून घडलेल्या गोष्टीलाच कल्पित ठरवणे ही तर्काची आळशी उडी आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न अधिक जबाबदारीने हाताळला होता. न्यायदर्शनाने ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन विभाग केले, स्मृतीला संस्कारातून उपजणारे ज्ञान म्हटले आणि तिला प्रमेच्या कक्षेबाहेर ठेवले. पण बाहेर ठेवले म्हणजे खोटे ठरवले नाही. ज्या अनुभवातून ती आली तो यथार्थ तर तीही यथार्थ, अशी व्यवस्था लावली. स्मृती स्वतःच्या बळावर प्रमाण होत नाही, तिचे प्रामाण्य उसने आहे. म्हणून ती तपासावी, फेकू नये.

तपासावी कशी, हे मराठी गद्याच्या आरंभीच एका माणसाने दाखवून ठेवले आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्या माणसांना गाठून, आणि नागदेवाचार्यांच्या साह्याने पारखून. पुढे मूळ ग्रंथ हरपला तेव्हा महानुभावांनी तो पुन्हा सिद्ध केला तोही स्मरणातूनच. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे एक खरी आणि दुसरी खोटी असा निवाडा न देता, वेगळी आठवण ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवण्याचा प्रघात पडला. हा शब्द विलक्षण आहे. दर्शनग्रंथांत वासना म्हणजे अनुभवाने चित्तावर उमटलेला संस्कार. महानुभावांच्या पाठपरंपरेत वासना म्हणजे पाठभेद. आठवणीचा ठसा आणि आठवणीतला भेद या दोहोंना एकच शब्द आहे. ‘लीळाचरित्र’ एम. ए.ला शिकवताना भाषेच्या प्राचीनपणावर आपण तासन्‌तास बोलतो. स्मृतीशी प्रामाणिक राहण्याची ही शिस्त मात्र टिपेत ढकलतो. जुन्या मंडळींनी यातून शिकावे की भेद म्हणजे लबाडी नव्हे. नव्यांनी शिकावे की भेद आहे म्हणून सारे सारखेच कल्पित होत नाही. कोणाची आठवण, कोणाकडून आलेली, हे नोंदवणे शक्य असते आणि आवश्यकही असते.

विसरण्याबद्दल आपली समीक्षा तर त्याहून भाबडी आहे. आत्मचरित्रात एखादी गोष्ट आली नाही की लेखकाने ती ‘लपवली’ असे आपण धरून चालतो. विस्मरण म्हणजे कोठारातला माल कुजणे, ही कल्पना मागे असल्यामुळे, महत्त्वाचा माल कुजेलच कसा, असा आपला प्रश्न असतो. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विस्मरणाचा आलेख काढला: आरंभी वेगाने घसरण, मग संथपणा. त्यानंतर बराच काळ विसरणे ही आपोआप होणारी झीजच मानली गेली. अलीकडच्या संशोधनाने चित्र पालटले आहे. फळमाशीच्या मेंदूत डोपामिन सोडणाऱ्या काही पेशी नव्या आठवणी पुसण्याचे काम करताना आढळल्या. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची भर वाढवली तेव्हा आधीची आठवण क्षीण झाली. विसरणे हे मेंदूचे कामच आहे, कामातली कसूर नव्हे. शिवाय, विसरले म्हणजे नष्ट झाले असेही नेहमी नसते. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने २०१५मध्ये दाखवले की औषधाने स्मृतिभ्रंश झालेल्या उंदरांच्या ठराविक चेतापेशी प्रकाशाने चेतवल्या तर हरवलेली वाटणारी आठवण परत येते. ठसा होता, वाट मोडली होती.

न विसरणाऱ्या माणसाचे काय होते, हे अलेक्झांडर लुरिया यांनी शेरेशेव्हस्की या रशियन गृहस्थाच्या दीर्घ अभ्यासातून लिहून ठेवले आहे. लांबलचक याद्या त्याला वर्षांनंतरही बिनचूक म्हणता येत. पण साधी गोष्ट वा कविता समजणे त्याला जड जाई, कारण प्रत्येक शब्दासरशी एक स्वतंत्र चित्र उभे राही आणि चित्रांच्या गर्दीत अर्थ हरवे. सार काढायचे तर काही सोडावे लागते. कथन करायचे तर त्याहून अधिक सोडावे लागते. आत्मचरित्रात जे नाही त्याच्यामुळेच जे आहे त्याला आकार येतो. अर्थात याचा आडोसा करून कोणाला मुद्दाम केलेली लपवाछपवी खपवता येणार नाही. ती असतेच, आणि थोरामोठ्यांच्या आत्मचरित्रांत ती अधिक असते. पण ती दाखवून द्यायची तर पत्रे, समकालीनांची लेखने, स्वतः त्याच पुस्तकातल्या विसंगती यांच्या आधारे दाखवली पाहिजे. निव्वळ ‘आले नाही’ हा आरोपाचा आधार होऊ शकत नाही.

प्रश्न अखेर अध्यापनाचा आहे. ‘सत्य की कल्पित’ हा प्रश्न आपण प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा, कारण त्याचे कोणतेही उत्तर विद्यार्थ्याला पुस्तकाजवळ नेत नाही. त्याच्या जागी दुसरे प्रश्न विचारता येतील. हा प्रसंग एकदाच घडलेला म्हणून सांगितला आहे की रीत म्हणून, आणि क्रियापदे काय सांगतात? लेखक ‘आठवते’ म्हणतो की ‘माहीत आहे’, की ‘आई सांगायची’? हे लिहिण्यापूर्वी त्याने ते कोणाला, किती वेळा सांगितले असेल? कोणत्या श्रोत्याला समोर ठेवून ही आठवण घडली आहे? याच परिस्थितीची दुसरी आठवण कोणाची उपलब्ध आहे, आणि दोहोंत जुळते काय, जुळत नाही काय? कोणता तपशील मध्यवर्ती आहे आणि कोणता कडेचा? हे प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ला लागू आहेत, ‘बलुतं’ला लागू आहेत, आणि मंत्र्यासंत्र्यांच्या आत्मचरित्रांनाही लागू आहेत. सर्वांना एकच निकष, एवढीच मागणी आहे.

ज्यांच्या पूर्वजांनी जमिनीचे उतारे, वंशावळी, पत्रव्यवहार जपून ठेवले त्यांना स्मृतीची परीक्षा चुकली तरी कागद सावरून घेतो. ज्यांना लिहिण्याचीच मनाई होती त्यांच्या माणसांनी आठवणींवर भिस्त ठेवून पुस्तके लिहिली. त्यांच्याकडे कोठाराची किल्ली मागणारा समीक्षक आणि कोठार रिकामे असल्याची ग्वाही देणारा समीक्षक, दोघेही त्यांना एकच सांगत असतात: तुमच्यापाशी काही नाही. मेंदूचे विज्ञान असे सांगत नाही. निदान विज्ञानाचा हवाला देऊन तरी हे बोलणे आता थांबवावे.